नाव आधी घेणारा आणि नाव कमावणारा : डोमेन-नावांच्या तंट्यांचा इतिहास

इंटरनेटवरील नावांची नोंदणी ज्या नियमाने सुरू झाली तो नियम एका ओळीत मावत होता : जो आधी मागेल त्याला नाव द्यावे, आणि ते त्याला का हवे आहे हे विचारू नये. व्यापारचिन्हांचा कायदा याच्या नेमक्या उलट्या तत्त्वावर उभा होता. नाव कोणी आधी उच्चारले याला त्यात फारसे महत्त्व नसून, बाजारात त्या नावावर कोणी विश्वास कमावला आणि ते नाव ऐकल्यावर गिऱ्हाइकाच्या मनात कोणाचा माल उभा राहतो, हा त्या कायद्यापुढचा खरा प्रश्न असतो. ही दोन तत्त्वे १९९४ ते २००५ या दशकभरात एकमेकांवर आदळली. आज व्यापारचिन्हाच्या मालकाला डोमेन-नावाच्या वादात जे कायदेशीर मार्ग उपलब्ध आहेत त्यांतले मुख्य याच काळात घडले, आणि बहुतेक वेळा आधीचा मार्ग जिथे अपुरा पडला तिथेच पुढचा निघाला. या इतिहासात भारताचा वाटा लहान असला तरी लक्षणीय आहे, कारण येथील न्यायालयांनी नव्या कायद्याची वाट न पाहता दीडशे वर्षे जुन्या उपायावर भिस्त ठेवली आणि तो उपाय, काही मर्यादांसह, पुरला.

वादाचे मूळ तांत्रिक रचनेत होते. इंटरनेटला जोडलेला प्रत्येक संगणक आकड्यांच्या पत्त्याने ओळखला जातो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून त्या पत्त्याला जे शब्दरूप दिले जाते तेच डोमेन-नाव. सुरुवातीला अशा नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जात असे. जाळे वाढल्यावर ती यादी सांभाळणे अशक्य होऊ लागले, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची आजची श्रेणीबद्ध व्यवस्था आखली, आणि मार्च १९८५ मध्ये ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले ‘डॉट कॉम’ नाव नोंदले गेले. या व्यवस्थेत एक नाव एकालाच मिळू शकते. ही अट संगणकासाठी अपरिहार्य असली तरी व्यापाराच्या जगाला सर्वस्वी परकी होती. मारुती या नावाने मोटारी विकल्या जातात आणि त्याच नावाने देशभर किराणा दुकाने, छापखाने आणि वाहतूक कंपन्याही चालतात. मालाचे वर्ग वेगळे, गावे वेगळी, म्हणून कायद्याच्या दृष्टीने सगळे आपापल्या जागी बरोबर असतात. डोमेन-नावांच्या जगात मात्र गावही एकच आणि वर्गही एकच, त्यामुळे ज्यांचे एकमेकांशी कधी भांडण नव्हते तेही एका रात्रीत प्रतिस्पर्धी ठरू शकत होते.

ही व्यवस्था उभारणाऱ्या संशोधकांना या अडचणीची कल्पना नव्हती असे नाही. ती सोडवणे हे त्यांना आपले काम वाटत नव्हते, एवढेच. जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहिलेल्या, इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेतील १५९१ क्रमांकाच्या टिपणात स्पष्ट म्हटले होते की डोमेन-नावाच्या नोंदणीला व्यापारचिन्हाचा दर्जा नाही, आणि दोन नोंदणीदारांत वाद झाल्यास नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने दोघांना एकमेकांचा संपर्क-तपशील द्यावा, याहून अधिक जबाबदारी तिच्याकडे नाही. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांच्यापुरते जाळे मर्यादित होते तोवर हे धोरण शहाणपणाचे होते. पण १९९३ पासून ‘डॉट कॉम’ची नोंदणी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी झालेल्या करारानुसार नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीकडे आली होती, सप्टेंबर १९९५ पर्यंत नाव नोंदवायला एक पैसाही पडत नव्हता, आणि त्यानंतरही दोन वर्षांचे शुल्क अवघे १०० डॉलर होते. ज्या वस्तूची किंमत जवळपास शून्य आणि ज्याच्यावाचून उद्या एखाद्या बड्या कंपनीचे अडणार, अशी वस्तू आधी कोण उचलील हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नव्हता.

पहिली प्रकरणे गमतीची वाटतात. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने ‘मॅकडोनल्ड्स डॉट कॉम’ स्वतःच्या नावे नोंदवले, ‘वायर्ड’ मासिकात त्यावर लेख लिहिला आणि मॅकडोनल्ड्सने ब्रुकलिनमधील एका शाळेला संगणकीय साहित्यासाठी देणगी दिल्यावर ते नाव सोडून दिले. त्याच वर्षी परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या प्रिन्स्टन रिव्ह्यू या संस्थेने आपल्या प्रतिस्पर्ध्याचे ‘कॅप्लन डॉट कॉम’ हे नाव नोंदवून तेथे त्याच प्रतिस्पर्ध्याची निंदा छापली, तडजोडीपोटी बिअरची एक पेटी मागितली, आणि अखेर लवादाच्या निर्णयानंतर ते नाव परत केले. गंमत बाजूला ठेवली तर या दोन प्रकरणांत पुढच्या सगळ्या वादांचे नमुने दिसतात : एकात नाव घेणाऱ्याला ते वापरायचेच नव्हते, दुसऱ्यात ते मूळ मालकाच्या गिऱ्हाइकाला वाटेतच अडवण्यासाठी वापरले गेले. विकण्यासाठी किंवा अडवण्यासाठी दुसऱ्याचे नाव आधीच नोंदवून ठेवण्याच्या या प्रकाराला पुढे ‘सायबर-स्क्वॉटिंग’ म्हणू लागले. मोकळ्या जागेवर झोपडी टाकून नंतर मालकाकडे पैसे मागणाऱ्याशी त्याची तुलना त्या शब्दातच आहे.

खटल्यांत आपणही ओढले जाऊ या भीतीने नेटवर्क सोल्युशन्सने जुलै १९९५ मध्ये पहिले तंटा-धोरण जाहीर केले. एखाद्याने त्याच शब्दाचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह दाखवले, आणि डोमेन-नावाच्या धारकाला स्वतःचे तसेच प्रमाणपत्र किंवा पुरेसा जुना वापर दाखवता आला नाही, तर ते नाव स्थगित ठेवले जाई, म्हणजे तक्रारदारालाही मिळत नसे आणि धारकालाही वापरता येत नसे. हे धोरण दोन्ही बाजूंनी फसले. त्यात गोंधळाचा, फसवणुकीचा किंवा हेतूचा प्रश्नच नव्हता, केवळ शब्द तंतोतंत जुळतो की नाही एवढेच पाहिले जाई. त्यामुळे एका अक्षराचा फरक करणारा लबाड सुटत होता आणि प्रामाणिकपणे नाव घेतलेला लहान व्यावसायिक अडकत होता. न्यू मेक्सिकोतील एका छोट्या संगणक कंपनीचे ‘रोडरनर’ हे नाव वॉर्नर ब्रदर्सने व्यंगपटातील पक्ष्याच्या आधारे आव्हानाखाली आणले, वास्तविक तो पक्षी न्यू मेक्सिकोचा राज्यपक्षी आहे. प्रमाणपत्र कोणत्याही देशाचे चालत असल्याने धास्तावलेल्या नोंदणीदारांनी ट्युनिशियाची वाट धरली, कारण तेथे व्यापारचिन्हाची नोंदणी काही दिवसांत उरकत असे. अमेरिकेतील हक्काचा निवाडा उत्तर आफ्रिकेतील कारकुनाच्या शिक्क्यावर ठरावा, इतक्या थराला एखादे धोरण गेले की ते टिकणार नाही हे उघड होते.

न्यायालयांना यापेक्षा अधिक सूक्ष्म साधने उपलब्ध होती आणि ती त्यांनी वापरली. इलिनॉयमधील डेनिस टोपेन याने शंभरहून अधिक प्रसिद्ध नावे नोंदवून ठेवली होती, त्यांत चित्रपटांचे कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजनचे नाव होते. कंपनीने आक्षेप घेताच त्याने १३,००० डॉलर मागितले, आणि त्या पत्त्यावर इलिनॉयमधील पाना नावाच्या गावाची छायाचित्रे लावून आपला वापर निरुपद्रवी असल्याचा देखावा केला. अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १७ एप्रिल १९९८ रोजी हा देखावा नाकारला : नाव मूळ मालकालाच विकायला काढणे हाच त्या नावाचा व्यापारी वापर होय आणि त्याने प्रसिद्ध चिन्हाचे वेगळेपण क्षीण होते, असे त्या न्यायालयाने ठरवले. तीनच महिन्यांनी इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी, व्हर्जिन, ब्रिटिश टेलिकॉम आणि लॅडब्रोक्स यांच्या बाजूने ‘वन इन अ मिलियन’ या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. प्रतिवादींनी नावे नोंदवली होती पण कोणताही माल विकला नव्हता. तरी अशी नावे बाळगणे म्हणजे फसवणुकीचे हत्यार जवळ ठेवणे आहे, आणि ते हत्यार उगारले जाण्याआधीच काढून घेता येते, अशी त्या न्यायालयाची भूमिका होती.

या इंग्रजी निकालाचा आधार ‘पासिंग ऑफ’ हा होता आणि भारतातील पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा असल्याने त्याचा अर्थ नीट पाहणे आवश्यक आहे. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे, असा या संज्ञेचा सरळ अर्थ. १८४२ मध्ये केसांना लावायच्या एका औषधी मलमाच्या नावावरून लंडनमध्ये जो खटला झाला, त्यात कोणीही आपला माल दुसऱ्याचा भासवून विकू नये हे तत्त्व प्रथम ठळकपणे मांडले गेले. पुढे त्याचे तीन घटक निश्चित झाले : वादीचा बाजारात नावलौकिक असला पाहिजे, प्रतिवादीने गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल असे काही केले असले पाहिजे, आणि त्यातून वादीचे नुकसान झाले किंवा होण्याची शक्यता असली पाहिजे. व्यापारचिन्हाची सरकारदरबारी नोंद असणे यासाठी आवश्यक नाही, आणि भारतासाठी हीच गोष्ट निर्णायक ठरली.

१९९९ च्या आरंभी भारतात १९५८ चा व्यापार आणि पण्यचिन्हे अधिनियम लागू होता, आणि तो केवळ मालाला, म्हणजे हातात धरता येणाऱ्या वस्तूंना, संरक्षण देत होता; सेवांसाठी चिन्ह नोंदवण्याची सोयच त्यात नव्हती. याहू या अमेरिकी कंपनीचा सगळा व्यवसाय सेवेचा होता आणि तिचे चिन्ह भारतात नोंदलेले नव्हते. आकाश अरोरा यांनी ‘याहूइंडिया डॉट कॉम’ हे नाव घेऊन त्याच धर्तीची माहितीसेवा सुरू केली, तेव्हा याहूने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रतिवादीचे म्हणणे कायद्याच्या अक्षराला धरून होते : कायदा मालाचा आहे, येथे माल नाही, याहू हा शब्दकोशातला सामान्य शब्द आहे, इंटरनेट वापरणारे लोक सुशिक्षित असतात, ते फसत नाहीत, शिवाय पानावर आपला याहूशी संबंध नसल्याचे निवेदनही आहे. न्यायमूर्ती मुकुंदकम शर्मा यांनी १९ फेब्रुवारी १९९९ रोजी यांतील प्रत्येक मुद्दा फेटाळला. १९५८ च्या अधिनियमाच्या कलम २७ ने पासिंग ऑफचा दावा अबाधित ठेवला होता आणि तो सेवांनाही लागू पडतो, असे त्यांनी ठरवले. शब्द कोशात असला तरी व्यापारात त्याला स्वतंत्र ओळख लाभलेली असू शकते; इंटरनेटवर माहिती शोधणारा माणूस जाणकारच असतो असे नाही; आणि नावातच दिशाभूल असेल तेव्हा खाली लिहिलेल्या निवेदनाने ती पुसली जात नाही. याहूचे चिन्ह ६९ देशांत नोंदलेले किंवा नोंदणीच्या वाटेवर होते ही बाबही तिच्या नावलौकिकाचा पुरावा म्हणून मांडली गेली होती. सुनावणीअंती याहूला अंतरिम मनाई हुकूम मिळाला, म्हणजे खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत प्रतिवादीला ते नाव वापरण्यास बंदी झाली.

दोन महिन्यांनी हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि या खेपेला दोन्ही बाजू देशीच होत्या. मुंबईच्या रेडिफ कम्युनिकेशन या कंपनीचे ‘रेडिफ डॉट कॉम’ तोवर परिचित झाले होते. सायबरबूथ या प्रतिवादीने ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवले. फरक इंग्रजीतील एका स्वराचा, आणि तोही टंकलेखनात बोट घसरले तर नाहीसा होणारा. प्रतिवादीने दिलेले स्पष्टीकरण मात्र वाचण्याजोगे आहे : ‘रॅडिकल’ या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ व ‘फ्री’ या शब्दांचे प्रत्येकी एक अक्षर घेऊन आपण हे नाव बनवले, असे त्याने सांगितले. अशी व्युत्पत्ती बहुधा वकिलाच्या कार्यालयात जन्मते असा संशय कोणालाही यावा. न्यायालयाने ती स्वीकारली नाही आणि २२ एप्रिल १९९९ च्या निकालात मनाई हुकूम देताना डोमेन-नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळण्यास पात्र आहे, असे स्पष्ट केले. दोन्ही पक्षांचे क्षेत्र एकच, सेवा एकसारख्या, आणि रेडिफच्या शोधात निघालेला वाचक रॅडिफवर पोहोचण्याची शक्यता उघड, एवढ्यावर दिशाभूल सिद्ध मानली गेली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने २००१ मध्ये टाटा सन्सच्या दाव्यात हीच दिशा पुढे नेली. त्यात जे. आर. डी. टाटा आणि रतन टाटा यांच्या नावांची डोमेन-नावेही तिऱ्हाइताने नोंदवलेली होती.

या निकालांचे मोल मान्य करतानाही त्यांचे स्वरूप नजरेआड करता येत नाही. याहू आणि रेडिफ या दोन्ही प्रकरणांचे गाजलेले निकाल अंतरिम टप्प्यावरचे आहेत. त्या टप्प्यावर न्यायालय तीन गोष्टी पाहते : प्रथमदर्शनी वादीची बाजू उभी राहते का, हुकूम न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का, आणि सोयीअसोयीचे पारडे कोणाकडे झुकते. साक्षीपुरावे, उलटतपासणी, नुकसानीचा हिशोब हे सर्व नंतरचे. इंटरनेटच्या व्यवसायात मात्र ‘नंतर’ फारसे उरतच नाही, कारण अंतरिम हुकूम झाला की प्रतिवादीचा धंदा बसतो आणि खटला पुढे रेटण्यात त्याला स्वारस्य राहत नाही. त्यामुळे भारतीय व्यापारचिन्हधारकाला तातडीचा उपाय मिळाला, परंतु नुकसानभरपाई किती आणि कोणत्या निकषावर, याविषयीचे न्यायशास्त्र त्या काळात फारसे वाढले नाही. दुसरी मर्यादा भूगोलाची होती. प्रतिवादी दिल्लीत किंवा मुंबईत असेल तर मनाई हुकूम त्याच्या दारापर्यंत पोहोचतो. तो परदेशात असेल, किंवा त्याने खोटे नाव आणि खोटा पत्ता दिलेला असेल, तर हुकूम बजावायचा कोणावर?

नेमक्या याच अडचणीतून तिसरा मार्ग निघाला. सप्टेंबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या आयकॅन या ना-नफा संस्थेकडे नावांच्या व्यवस्थेची सूत्रे गेली. अमेरिकी सरकारच्या सूचनेवरून जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने या तंट्यांचा अभ्यास केला, ३० एप्रिल १९९९ रोजी अंतिम अहवाल दिला, आणि त्याच्या आधारे आयकॅनने त्याच वर्षी एकसमान तंटा-निवारण धोरण स्वीकारले. त्यातील कल्पकता करारात होती. जगातला कोणीही ‘डॉट कॉम’ नाव नोंदवताना ज्या करारावर सही करतो, त्याच करारात हे धोरण समाविष्ट करण्यात आले, त्यामुळे नोंदणीदार कोणत्याही देशात असो, त्याने या कार्यवाहीला आधीच संमती दिलेली असते आणि निर्णयाची अंमलबजावणी नोंदणी करणारी कंपनी स्वतःच करते. पोलीस, बेलिफ, परराष्ट्रीय हुकूमनामा यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : डोमेन-नाव आपल्या चिन्हाशी तंतोतंत किंवा गोंधळ होण्याइतपत जुळते, धारकाचा त्या नावावर हक्क किंवा न्याय्य हितसंबंध नाही, आणि ते नाव दुर्हेतूने नोंदवले गेले असून दुर्हेतूनेच वापरले जात आहे. धारकाला उत्तरासाठी वीस दिवस मिळतात, पुरावा कागदोपत्री असतो, साक्षीदार नसतात, आणि उपाय दोनच : नाव रद्द करणे किंवा तक्रारदाराला देणे. पैसा मिळत नाही.

या धोरणाखालील पहिले प्रकरण कुस्तीच्या सामन्यांचे आयोजन करणाऱ्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचे होते. कॅलिफोर्नियातील एका नोंदणीदाराने ते नाव नोंदवून तीन दिवसांत १,००० डॉलरला विकायला काढले होते. तक्रार डिसेंबर १९९९ मधली, निर्णय १४ जानेवारी २००० चा. खटल्याला जेथे वर्षे लागतात तेथे दीड महिना लागला, ही गोष्ट जगभरच्या कंपन्यांच्या कायदा-विभागांनी लगेच हेरली. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या टेलस्ट्रा कंपनीच्या प्रकरणात अधिक अवघड प्रश्न सुटला : धारकाने नाव नुसते बाळगले असेल, त्यावर एक पानही उघडले नसेल, तर ‘वापर’ कुठे झाला? त्या प्रकरणात नोंदणी ‘न्यूक्लिअर मार्शमेलोज’ अशा बनावट नावाने केलेली होती. चिन्ह इतके प्रसिद्ध की प्रामाणिक वापराची कल्पनाच करता येत नाही आणि धारक स्वतःची ओळख लपवतो, अशा परिस्थितीत निष्क्रिय बाळगणे हाही दुर्हेतुपूर्ण वापर होय, असे तेथे ठरले. भारतीय तक्रारदारांतही पुढाकार वृत्तपत्रांनी घेतला. बेनेट कोलमन कंपनीची स्वतःची स्थळे ‘टाइम्सऑफइंडिया’ आणि ‘इकॉनॉमिकटाइम्स’ या नावांनी चालत होती. त्याच नावांआधी इंग्रजीतील ‘द’ हे उपपद लावून दुसऱ्यांनी नोंदणी केली होती आणि तेथे येणारा वाचक बातम्यांच्या वेगळ्याच स्थळाकडे वळवला जात होता. मार्च २००० मध्ये ती दोन्ही नावे कंपनीला देण्याचा निर्णय झाला.

अमेरिकेने या सुमारास वेगळी वाट घेतली. २९ नोव्हेंबर १९९९ रोजी तेथे सायबर-स्क्वॉटिंगविरोधी कायदा अमलात आला, आणि त्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही प्रत्येक डोमेन-नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई देण्याची तरतूद झाली. धारक सापडत नसेल किंवा अमेरिकी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर असेल तर खुद्द नावावरच दावा लावण्याची सोयही त्यात आहे. ‘डॉट कॉम’ची मूळ नोंदवही व्हर्जिनियात असल्याने असे दावे तेथील न्यायालयात चालतात, आणि म्हणून एखाद्या भारतीय कंपनीलाही हा मार्ग तत्त्वतः खुला असतो. भारताने असा स्वतंत्र कायदा केला नाही.

वेगवान मार्गाचा गैरवापर होणार हेही ओघानेच आले. सामान्य शब्द, भूगोलातील नावे आणि माणसांची टोपणनावे यांवर हक्क सांगण्याची चढाओढ लागली. गायक स्टिंग यांनी स्वतःच्या नावासाठी केलेली तक्रार जुलै २००० मध्ये फेटाळली गेली, कारण तो शब्द इंग्रजीत रोजच्या वापरातला आहे आणि धारकाचा दुर्हेतू सिद्ध झाला नाही; त्याआधी दोनच महिने ज्युलिया रॉबर्ट्स यांना मात्र त्यांचे नाव मिळाले होते. ‘बार्सिलोना डॉट कॉम’ हे नाव २००० मध्ये लवाद-निर्णायकाने त्या शहराच्या नगरपालिकेला दिले, पण धारक अमेरिकेतील न्यायालयात गेला आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने नगरपालिकेचा दावा नाकारला, कारण शहराच्या नुसत्या नावावर अमेरिकी कायद्यानुसार व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही. या निकालाने एक गोष्ट पक्की झाली : आयकॅनची कार्यवाही न्यायालयाची जागा घेत नाही. हरलेल्या धारकाला कामाचे दहा दिवस मिळतात आणि तेवढ्यात त्याने दावा लावला तर नावाचे हस्तांतर थांबते. बलवान कंपनीने दुबळ्या धारकाकडून नाव उकळण्याच्या प्रयत्नाला ‘उलटी बळकावणी’ मानून तसा शेरा मारण्याची तरतूद धोरणात आहे, परंतु त्या शेऱ्याबरोबर दंड येत नाही, आणि दात नसलेली अशी तरतूद धनवान तक्रारदाराला कितपत रोखते याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

भारतात या सर्व प्रवाहांची गाठ २००४ मध्ये पडली. सत्यम इन्फोवे या कंपनीने स्वतःच्या नावातून ‘सिफी’ हा शब्द घडवला होता, जून १९९९ मध्ये त्या शब्दाची डोमेन-नावे नोंदवली होती, आणि त्याच वर्षी ती नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात नोंदली गेली होती. सिफीनेट सोल्युशन्स या दुसऱ्या कंपनीने २००१ पासून एक ‘एफ’ जास्त लावून तसेच नाव घेतले, आणि ते आपल्या पाच प्रवर्तकांच्या नावांच्या आद्याक्षरांतून बनले असल्याचे सांगितले. रॅडिफच्या व्युत्पत्तीची आठवण येथे टाळता येत नाही. बंगळूरच्या नगर दिवाणी न्यायालयाने सत्यमला मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने सोयीअसोयीचे पारडे प्रतिवादीकडे झुकते असे मानून तो रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती रूमा पाल आणि पी. वेंकटराम रेड्डी यांच्या खंडपीठाने ६ मे २००४ रोजी मूळ हुकूम पुन्हा कायम केला.

या निकालातील विवेचन त्याच्या फलितापेक्षा अधिक मोलाचे आहे. तोवर १९९९ चा व्यापार चिन्हे अधिनियम सप्टेंबर २००३ पासून लागू झाला होता आणि सेवांना संरक्षण मिळाले होते, तरी त्यात डोमेन-नावांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. न्यायालयाने ही उणीव मान्य केली : व्यापारचिन्हाचा कायदा देशाच्या सीमेत चालतो, डोमेन-नाव जगभर पोहोचते, आणि देशाबाहेर परिणाम नसलेला कायदा त्याला पुरेसे संरक्षण देऊ शकणार नाही. पण यावरून डोमेन-नावे कायद्याबाहेर आहेत असा अर्थ होत नाही. डोमेन-नावात व्यापारचिन्हाची सर्व लक्षणे असू शकतात आणि पासिंग ऑफचे तत्त्व त्याला लागू होते. प्रतिवादीने पैसा गुंतवला आहे एवढ्याने पारडे त्याच्याकडे झुकत नाही, कारण आधीपासून प्रस्थापित असलेल्या नावाशी जुळणारे नाव निवडण्याची जोखीम त्याने स्वतः घेतलेली असते. रेडिफपासून पाच वर्षे उच्च न्यायालयांच्या पातळीवर जे म्हटले जात होते ते आता देशभर बंधनकारक झाले.

देशाच्या स्वतःच्या ‘डॉट इन’ या नावसमूहाची कथा निराळी आहे. त्याची नोंदणी आरंभी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती, आणि कागदपत्रे तपासून, पात्रता पाहूनच नाव दिले जाई. या कडकपणामुळे तंटे कमी होते हे खरे, पण गिऱ्हाइकेही नव्हती. सरकारने २००५ मध्ये निक्सी या संस्थेमार्फत नोंदणी सर्वांसाठी खुली केली तेव्हा आधीच्या चुकांपासून धडा घेतलेला दिसतो : खुल्या नोंदणीआधी व्यापारचिन्हधारकांना आपली नावे राखून ठेवण्यासाठी स्वतंत्र मुदत दिली गेली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘डॉट इन’साठी स्वतंत्र तंटा-निवारण धोरण आले. ते आयकॅनच्या धोरणावर बेतलेले असले तरी दोन ठिकाणी वेगळे आहे. आयकॅनकडे दुर्हेतूने नोंदणी आणि दुर्हेतूने वापर हे दोन्ही सिद्ध करावे लागतात, येथे दोहोंपैकी एक पुरते. दुसरे असे की ही कार्यवाही १९९६ च्या लवाद आणि समेट अधिनियमाखाली चालत असल्याने निर्णयाला लवादाच्या निवाड्याचा दर्जा मिळतो आणि तो कलम ३४ खाली मर्यादित कारणांवरच न्यायालयात आव्हानित होतो.

२००५ नंतर चिन्हधारकाचा निर्णय त्याला काय हवे आहे यावर ठरू लागला. केवळ नाव हवे असेल तर आयकॅनचा किंवा निक्सीचा मार्ग स्वस्त आणि जलद आहे. प्रतिवादी भारतात असून त्याचा धंदाच थांबवायचा असेल, नफ्याचा हिशोब किंवा भरपाई मागायची असेल, तर दिवाणी दाव्याला पर्याय नाही. वादी स्वतः जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे दावा लावण्याची मुभा १९९९ च्या अधिनियमाच्या कलम १३४ ने दिली असली, तरी ती नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनापुरती आहे. केवळ पासिंग ऑफवर विसंबणाऱ्याला ती मिळत नाही. नोंद नसतानाही हक्क टिकतो, पण नोंद असलेल्याला अधिक सोयी असतात, हा भेद याहूच्या विजयाच्या झगमगाटात पुष्कळदा विसरला जातो.

वाद पुढे व्यक्तींच्या नावांकडे आणि मग नोंदणी करणाऱ्या कंपन्यांकडे सरकला. अरुण जेटली यांच्या नावाचे डोमेन-नाव तिऱ्हाइताने अडवून ठेवल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये व्यक्तिनामालाही संरक्षण दिले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयापुढे स्नॅपडीलने गोडॅडी व इतर नोंदणी कंपन्यांविरुद्ध तक्रार आणली, की आपल्या चिन्हाशी मिळतीजुळती नावे या कंपन्याच ग्राहकाला सुचवतात आणि विकतात. पैसे घेऊन पर्यायी नावे पुढे करणाऱ्या कंपनीला निव्वळ मध्यस्थ म्हणून जबाबदारी झटकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. परंतु ‘स्नॅपडील’ हा शब्द असलेल्या भविष्यातील सर्व नावांवर आधीच सरसकट बंदी घालण्यास मात्र त्याने नकार दिला, कारण उल्लंघन झाले की नाही हे प्रत्येक नावाच्या बाबतीत स्वतंत्रपणे ठरवावे लागते, आणि त्यासाठी चिन्हधारकाला त्या त्या नावाविरुद्ध न्यायालयात यावेच लागेल.